माल उपलब्ध नाही

ताईला राग येतो हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. पण तिचा नेहमीचा राग दुधासारखा. भसकन वर यायचा आणि ज्याच्यावर आला त्यालाच चहा पाजून खाली बसायचा. त्या सोमवारी मात्र ती जिन्यातच थांबली, समोरच्या विक्रेत्याकडे बघत राहिली आणि एक शब्द बोलली नाही. तेव्हाच तो बिचारा समजला की आपण बोलू नये ते बोलून गेलो.

तो एवढंच म्हणाला होता की एक तारखेला सगळीकडे एकदम नवं सॉफ्टवेअर सुरू होणार, हे गिऱ्हाइकांना सांगून झालंय, आता ऑर्डरी कशा घ्यायच्या ते ताईंनी शिकवावं. ताईला त्या एक तारखेची खबरच नव्हती. आणि ते सॉफ्टवेअर आणायचं ठरवणारी, निवडणारी, त्याचा सगळा आराखडा आखणारी तीच होती.

औषधांचा हा घाऊक व्यापार ताईच्या वडिलांनी उभा केलेला. वडील गेले तेव्हा खुर्ची धाकट्या भावाला मिळाली आणि काम ताईला. ती औषधशास्त्र शिकलेली, भावापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. पण तिच्या हुद्द्याला नाव असं कधी नव्हतंच. भाऊ पाहुण्यांना सांगायचा, ही आमची ताई, हिच्यावर सगळं सोपवून मी मोकळा. पाहुणे कौतुकानं हसायचे. ताईही हसायची, कारण तेव्हा गोदामात ट्रक उभा असायचा आणि तिला पळायचं असायचं.

सॉफ्टवेअरचा हट्ट तिचाच. ऑर्डरी फोनवर यायच्या, मोबाइलवर यायच्या, कुणाच्या खिशातल्या चिठ्ठीवर यायच्या. जुन्या कॉम्प्युटरवर फक्त बिलं निघायची. कोणतं औषध कोणत्या फळीवर आहे ते गोदामकाकांच्या डोक्यात, आणि काका आजारी पडले की अख्खं गोदाम आजारी. कोणत्या औषधाची मुदत संपत आलीय हे ती संपल्यावरच कळायचं. खरेदी, साठा, विक्री, हिशेब हे सगळं एकाच जागी दिसलं पाहिजे असं ती भावाला सांगून सांगून थकली, आणि एकदा मुदत संपलेला माल एका दुकानात जाऊन परत आला तेव्हा कुठे भाऊ हो म्हणाला.

मग तिनं कंपन्यांना बोलावलं. पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून सगळ्यांनीच चंद्र-तारे आणून द्यायचं कबूल केलं. ताई प्रत्येकाला एकच विचारायची, गिऱ्हाइकानं अर्धी पेटी परत केली तर तुमचं यंत्र काय करतं, ते करून दाखवा. ज्या कंपनीच्या माणसानं प्रामाणिकपणे सांगितलं की आत्ता जमत नाही पण जमवता येईल, ती कंपनी तिनं निवडली. त्यांनी एक तरुण सल्लागार मुलगी पाठवली. तिच्या दर दुसऱ्या वाक्यात ‘प्रोसेस’ यायचं म्हणून गोदामातल्यांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव प्रोसेसबाई ठेवलं. ताईनं तिला लॅपटॉप मिटायला लावून आठवडाभर खोकी भरायला बसवलं. मुलगी चिवट निघाली. तिच्या हाताला चिकटपट्टीचे चरे पडले, पण कुठलं खोकं कुणाकडे का जातं हे तिला कळलं. त्यानंतर दोघींचं चांगलं जुळलं.

दोघींनी मिळून जो बेत आखला तो मीटिंगच्या खोलीत भिंतभर कागदावर लावला होता. आधी औषधांची नावं साफ करायची, कारण वर्षानुवर्षं ज्याला जसं सुचेल तसं टाइप केल्यामुळे एकेका तापाच्या गोळीचे दहा दहा अवतार झाले होते. मग महिनाभर जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालवायचं आणि दोन्हीकडे एकच उत्तर येतं का बघायचं. मग एकेक विभाग नव्यावर न्यायचा. कोल्ड रूम सगळ्यात शेवटी. तिथे लसी, इन्शुलीन, सीरम, असा माल, जो थांबत नाही आणि ज्याच्यासाठी कुणीतरी कुठेतरी खाटेवर वाट बघत असतं. शिवाय कोल्ड रूममधल्या मालाच्या मुदतीच्या तारखा जुन्या कॉम्प्युटरमध्ये कधी भरल्याच गेल्या नव्हत्या. त्या प्रत्यक्ष बाटल्या बघून भरायला हव्या होत्या.

काम रखडत नव्हतं, पण दिसतही नव्हतं. आणि जे दिसत नाही त्याचा भावाला कंटाळा यायचा.

अशात जावईबापू आले. भावाला एकच मुलगी, तिचा हा नवरा. मोठ्या कंपनीत मोठमोठे तक्ते करण्याचं काम करायचा. ती नोकरी सुटली आणि दोघं भावाच्या घरी राहायला आली. बोलण्यात खडीसाखर, कपड्यांना इस्त्री, आणि कुठल्याही प्रश्नाला उत्तर तयार. भाऊ हरखला. आठवड्यात जावईबापूंना डिजिटल प्रमुख केलं. जामात हा दशमग्रह असतो असं ताईनं नुसतं ऐकलं होतं. आता तो ग्रह रोज अकरा वाजता तिच्या समोरच्या केबिनमध्ये उगवायला लागला.

त्यानं पहिलं काम केलं ते भिंतीवरचा कागद उतरवण्याचं. तिथे बाणांचा एक रंगीत तक्ता लागला. त्यात सगळे बाण एकाच तारखेकडे धावत होते. आणि ती तारीख त्यानं एका मेजवानीत, ताईला न विचारता, गिऱ्हाइकांना सांगूनही टाकली होती.

सोमवारी जिन्यातून ताई तडक भावाच्या खोलीत गेली. जावईबापू तिथेच होते, प्रोसेसबाईही होती. ताईनं मुद्द्याचं बोलायचं ठरवलं होतं आणि ती तसंच बोलली. नावं अजून अर्धीच साफ झालीत, जुनं-नवं एकत्र चालवून पाहिलेलं नाही, कोल्ड रूमला तर हातही लागलेला नाही. जावईबापूंनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं. दोन्हीकडे नोंदी करायच्या म्हणजे दुप्पट काम, त्यात लोक वैतागतात आणि जुन्यालाच चिकटून बसतात, असं त्यांचं म्हणणं.

‘‘आत्या, पोहायला शिकायचं तर एकदा पाण्यात उडी मारावीच लागते,’’ ते म्हणाले.

‘‘उडी तुम्ही मारा, जावईबापू. पेशंटना काखेत धरून कशाला मारताय?’’

भावाला हसू आलं होतं, ते त्यानं गिळलं. मग म्हणाला की ताईचं सगळंच सावकाश असतं, वडिलांच्या वेळेपासून असंच चाललंय, आता नव्या माणसांना जरा पुढे होऊ दे. सल्लागार कंपनीला काय वाटतं असं ताईनं विचारलं. प्रोसेसबाई लॅपटॉपच्या पडद्यात अशी बघत राहिली जणू तिथे तिचं घर जळत होतं. मग पुटपुटली की वरिष्ठांशी बोलून कळवते.

बाहेर आल्यावर तिनं ताईला गाठलं. वरिष्ठांना जावईबापूंचा फोन कधीच गेला होता, आणि तिला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. ताई म्हणाली, ‘‘आठवडाभर खोकी भरलीस ती कशासाठी मग?’’ आणि निघून गेली. नंतर तिला वाईट वाटलं. पण परत जाऊन सांगण्याइतकं नाही.

रुसून घरी बसणं तिच्या रक्तात नव्हतं. जे वाचवता येईल ते वाचवावं म्हणून ती कामाला जुंपली. विक्रेत्यांना ऑर्डर भरायला शिकवलं, काकांना हातातला स्कॅनर धरायला शिकवलं. काका ते यंत्र चिमट्यात उंदीर धरावा तसं धरायचे, पण शिकले. नावं साफ करायला तिनं घरी भाचीलाही बसवलं. भाची हौसेनं बसली. नवऱ्याच्या कामाला हातभार लागतोय असं तिला वाटत होतं. राहता राहिली कोल्ड रूम. निदान तेवढी वगळा, असं ताईनं जावईबापूंना पुन्हा जाऊन सांगितलं. ते म्हणाले, बघू. ‘बघू’ म्हणजे ‘नाही’ हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तिनं ते ‘हो’ समजून घेतलं, इतकी ती दमली होती.

एक तारखेला फुगे लागले. भावानं एक बटण दाबलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. जुना प्रोग्राम बंद केला गेला. गेटवरच्या रखवालदाराला ताकीद मिळाली की नव्या सिस्टीमचा छापील गेटपास असल्याशिवाय सुई सुद्धा बाहेर जाता कामा नये. सकाळ बरी गेली. दुपारपर्यंत गेटजवळ गाड्यांची रांग लागली होती, कारण नावं साफ झालेल्या निम्म्या औषधांचे गेटपास निघत होते आणि निम्म्यांचे निघत नव्हते. काका स्कॅनर घेऊन फळ्यांमधून फिरत होते आणि आईची शपथ घेऊन सांगत होते की माल इथेच आहे.

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. लहान मुलांच्या हॉस्पिटलमधली औषधवाली होती. ह्या बाईला ताईनं उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलं असेल, पण आवाजानं ती सख्ख्या बहिणीइतकी ओळखीची. बाई म्हणाली की सीरमची ऑर्डर टाकली तर तुमच्याकडून उत्तर आलं, ‘माल उपलब्ध नाही, गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ एका मुलीच्या चेहऱ्याला कुत्रा चावलाय. लस आहे, पण जखमेत भरायचं रेबीजचं सीरम संपलंय.

‘‘दुसरीकडे विचारलं, कुणाकडे नाही. ताई, चेहऱ्याचा चावा आहे. थांबता येत नाही. तुमच्याकडे खरंच नाहीये का?’’

‘‘फोन ठेवू नका,’’ ताई म्हणाली आणि तशीच कोल्ड रूममध्ये गेली. सीरमच्या पेट्या डोळ्यांसमोर होत्या. फळी गच्च भरलेली. बाहेरच्या पडद्यावर त्याच पेट्यांपुढे लाल अक्षरं होती, मुदतबाह्य, कुलूपबंद. नुसतं सीरम नाही, कोल्ड रूममधला सगळाच माल. तारखेची जागा रिकामी, आणि रिकामी तारीख म्हणजे मुदत संपली असं यंत्रानं धरलेलं. यंत्राची बिचाऱ्याची काय चूक? त्याला जे घातलं त्याचं त्यानं पीठ केलं. कोल्ड रूम वगळली नव्हती. आदल्या दिवशी जुन्या कॉम्प्युटरमधली कच्ची माहिती जशीच्या तशी उचलून आत ओतली होती.

तिनं जावईबापूंना गाठलं. ते पडद्यावर कुणाशी तरी मीटिंगमध्ये होते. कानावरचा हेडफोन काढत त्यांनी ऐकलं आणि सांगितलं की तक्रार नोंदवा, संध्याकाळपर्यंत कुलूप उघडेल. ताईनं मुलीचं सांगितलं. ते क्षणभर थांबले, हे ताईनं पुढेही कबूल केलं, ते थांबले होते. मग म्हणाले, ‘‘आत्या, आज पहिला दिवस आहे. आजच आपण वळसा घालून माल काढला तर उद्या प्रत्येक जण काढेल. शिस्त लागायची कधी?’’

शिस्त ताईनं ह्या माणसाच्या जन्माआधीपासून पाळली होती. खाली येऊन तिनं बर्फाची पेटी घेतली. तिनं आणि काकांनी एकेक बाटली उजेडात धरून तारीख वाचली, लागतील तेवढ्या भरल्या, साध्या कागदावर किती नेल्या ते लिहून तिनं सही केली आणि पेटी गाडीत ठेवली.

गेटवर रखवालदार आडवा आला. साहेबांचा हुकूम आहे, तो खाली बघत म्हणाला.

‘‘हुकूम मोडला म्हणून माझं नाव सांग. फाटक उघड.’’

त्यानं उघडलं. हॉस्पिटलच्या दारात औषधवाली उभीच होती. तिनं पेटी घेतली आणि धन्यवाद वगैरेच्या भानगडीत न पडता आत धावली. बाकावर एक बाई बसली होती, तिच्या मांडीवर लहान मुलीचे बूट. ताईनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि परत फिरली.

परतली तर व्हरांड्यात तमाशा मांडलेला. सगळ्या ऑफिसच्या देखत जावईबापू म्हणाले की आत्यांनी चोरवाटेनं माल बाहेर काढला, आता साठ्याचा ताळमेळ बसणार नाही. माणसं टेबलांवरून माना वर करून ऐकत होती.

‘‘चोरवाट?’’ ताई म्हणाली. ‘‘मी फाटकातून गेले. दिवसाढवळ्या. सही करून. चोरवाटेनं काही आलं असेल तर ते तुमचं कालचं काम आहे, आणि ते आता कोल्ड रूममध्ये लाल अक्षरांत दिसतंय.’’

कोल्ड रूमच्या मालावरचं यंत्रातलं कुलूप त्या संध्याकाळी उघडलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. इन्शुलीनच्या ऑर्डरी परत गेल्या. दवाखान्यांचे फोन, दुकानदारांच्या शिव्या. काही जुनी गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे गेली. आणि मग सगळ्या गिऱ्हाइकांना जावईबापूंच्या सहीचा एक संदेश गेला. तो ताईनं विक्रेत्याच्या मोबाइलवर वाचला. माहिती भरताना एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याकडून झालेल्या चुकीमुळे आपली गैरसोय झाली, त्याबद्दल दिलगीर आहोत.

ज्येष्ठ कर्मचारी. इतक्या वर्षांत ताईला पहिल्यांदा हुद्दा मिळाला होता, आणि तोही चोराच्या उलट्या बोंबांमधून.

संध्याकाळी भाऊ तिच्या घरी आला. सहसा तो यायचा नाही, तिनंच जायचं अशी रीत. खुर्चीच्या टोकावर बसला आणि खूप वेळ खिडकीतल्या कुंड्यांचं कौतुक केलं. तिला वाटलं, क्षमा मागायला शब्द जुळवतोय. मग म्हणाला की शुक्रवारी मोठ्या गिऱ्हाइकांना बोलावलंय. त्यांच्यासमोर ताईनं म्हणावं की हो, तारखा भरायचं माझ्याकडून राहिलं. विषय संपेल. पोरगा नवा आहे, त्याला लोक आधीच घरजावई म्हणून टोचतात, आता तोंडघशी पडला तर पुन्हा उभा राहणार नाही. उद्या हा धंदा त्यालाच बघायचाय.

ताईनं विचारलं, ‘‘आणि माझं काय?’’

‘‘तुझं काय, ताई? तुला कोण काय म्हणणार आहे? तुझ्यामागे आहे कोण, ज्याला तुझ्या नावाचा त्रास होईल?’’

तो ते वाईट हेतूनं म्हणाला नव्हता. तेच जास्त लागलं. त्याला खरंच असं वाटत होतं की जिच्यामागे पोरंबाळं नाहीत तिचं नाव म्हणजे घरातला जुना पाट, कुणीही ओढून घ्यावा आणि बसावं.

ताई उठली आणि तिनं दार उघडलं. म्हणाली, ‘‘माझ्यामागे मी आहे. जा आता.’’

भाऊ गेला. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. तिनं सगळी भांडी घासून काढली, घासलेली सुद्धा.

सकाळी दारावर भाची. ताईनं मनात म्हटलं, आता ही डोळ्यांत पाणी आणणार. बापानं जे मागितलं तेच हीही मागणार, फक्त गळ्यात पडून. भाची आत आली, उभीच राहिली. म्हणाली की काल रात्री जेवताना बाबांनी सांगितलं, आत्या कबूल करेल. तेव्हा तिनं नवऱ्याला सरळ विचारलं, कोल्ड रूमची माहिती आत्यानं दिली होती का. तो म्हणाला, तांत्रिक गोष्ट आहे. तिनं पुन्हा विचारलं. तो ताटावरून उठला.

‘‘मी त्याची बायको आहे म्हणून तू खोटं बोलणार असशील तर नको बोलूस,’’ भाची म्हणाली. ‘‘उद्या तो माझ्याशीही असाच वागेल, आणि तेव्हा सगळे म्हणतील, आत्यानं नाही का सोसलं.’’

ताईनं तिला बसवलं. दोघींनी चहा घेतला.

शुक्रवारी मीटिंगची खोली भरली. हॉस्पिटलांची माणसं होती, मोठे दुकानदार होते, काका भिंतीला टेकून उभे होते. भावानं प्रास्ताविक केलं. घरचंच माणूस आहे, चूक कबूल करायलाही मोठं मन लागतं, असं म्हणत त्यानं ताईकडे हात केला. त्याला वाटत होतं, दार उघडून बाहेर काढलं तरी ऐन वेळी बहीण सांभाळून घेईल. आजवर तिनं घेतलंच होतं.

ताई उभी राहिली. आवाज चढवायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. तिनं सुरुवातीपासून सांगितलं. बेत काय होता, तो कुणी बदलला, तिनं कुणाला काय बजावलं, कुणी ‘बघू’ म्हटलं. जावईबापू मध्ये म्हणाले की हे सगळं एकतर्फी आहे. तेव्हा मुलांच्या हॉस्पिटलची औषधवाली, जी खोलीतल्या बहुतेकांसाठी आजवर फक्त आवाज होती, ती उभी राहिली आणि तिनं प्रोसेसबाईला विचारलं, ‘‘तुम्ही सांगा. कोल्ड रूमची माहिती कुणी दिली?’’

प्रोसेसबाईनं लॅपटॉप मिटला. ‘‘ताईंनी दिली नव्हती. आदल्या दिवशी जुन्या कॉम्प्युटरमधून आम्ही उचलली. साहेबांनी सांगितलं म्हणून. ताईंनी नको म्हटलं होतं. मलाही ते चूक वाटत होतं.’’ मग जरा थांबून, ‘‘मी बोलले नाही.’’

जावईबापूंनी आपले कागद गोळा केले, नीट कडेला कड लावली आणि ते बाहेर गेले. भाऊ कपाळावर हात ठेवून बसला होता. ताई अजून उभीच होती. तिचं संपलं नव्हतं.

‘‘आणि चूक कबूल करायला मोठं मन लागतं, हे खरं आहे,’’ ती भावाकडे बघून म्हणाली. ‘‘तू कर.’’

भाऊ उठला. गिऱ्हाइकांपुढे जे बोलला ते गुळमुळीत होतं, अर्धं घशातच राहिलं, पण तो संदेश खोटा होता एवढं त्याच्या तोंडून निघालं. बहिणीकडे त्यानं पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो तिच्या टेबलाशी आला, घरी नाही. आता हे निस्तरायचं कसं, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं की प्रकल्प तिच्या हाताखाली, तारीख ती ठरवेल, आणि ह्या वेळी तिच्या पदाला नाव असेल आणि ते दारावर असेल, नाहीतर शेजारच्या गावातल्या एका घाऊकवाल्यानं तिला बोलावलंच आहे. भाऊ म्हणाला, घरात अशा अटी घालतात का. ती म्हणाली, घरात अशी चिखलफेक करतात का. दारावर पाटी लागली.

जुना प्रोग्राम पुन्हा सुरू झाला. भिंतभर कागद पुन्हा आला, नवा, कारण जुना जावईबापूंनी फाडून टाकला होता. प्रोसेसबाईला तिच्या कंपनीनं दुसरीकडे पाठवायचं ठरवलं, तेव्हा ताईनं त्यांना कळवलं की तीच हवी, नाहीतर करार मोडला. महिनाभर दोन्हीकडे नोंदी झाल्या. लोक कुरकुरले. रोज संध्याकाळी दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कुठेतरी फरक निघायचाच, आणि प्रत्येक फरक कुणाच्या तरी दारातला एक नकार होता हे आता काकांनाही कळत होतं. एकेक विभाग नव्यावर गेला. कोल्ड रूममधल्या प्रत्येक बाटलीची तारीख दोन माणसांनी वाचून भरली. आणि औषध नाही असं उत्तर आपोआप जाणार नाही, आधी कुणीतरी फळीवर जाऊन बघेल, ही गोष्ट ताईनं सिस्टीममध्ये कोरून घेतली. प्रोसेसबाई म्हणाली, ही काही प्रोसेस नाही. मग दोघी हसल्या.

त्या मुलीच्या गालावर टाके पडले, पण ती घरी गेली, असं औषधवालीनं फोनवर सांगितलं.

जावईबापूंना दुसरीकडे नोकरी लागली. दोघांनी वेगळं घर घेतलं. त्यांचं कसं काय चाललंय ते भाची सांगायची नाही आणि ताई विचारायची नाही. पुढे एकदा एका लग्नात जावईबापू समोर आले, तब्येत विचारली आणि म्हणाले, ‘‘आत्या, एक सांगू? तो तक्ता मुळात बरोबर होता. माणसं कमी पडली.’’ ताई इतकी थक्क झाली की तिला राग यायचंही राहून गेलं. राग आला तो तिला घरी पोचल्यावर.

भाची आता दुपारपर्यंत ऑफिसात येते. खरेदीचा विभाग शिकतेय. भाऊ ताईशी कामापुरतं बोलतो. कोल्ड रूम नव्या सिस्टीमवर आली त्या दिवशी दारात येऊन त्यानं विचारलं होतं, चालू आहे ना. ती म्हणाली, चालू आहे. त्यापलीकडे त्या गोष्टीबद्दल तो आजवर एक अक्षर बोललेला नाही.

राग गेला का, असं भाचीनं एकदा डबा खाताना विचारलं. ताईनं खरोखर विचार केला. मग म्हणाली की नाही गेला. लोक म्हणतात राग माणसाला जाळतो. आपल्याला तर ह्यानंच उठवून उभं केलं. बसला आहे कोपऱ्यात तर बसू दे बापडा. मग डबा बंद करून ती उठली, कारण खाली ट्रक आला होता आणि काका स्कॅनर उलटा धरून हाक मारत होते.